लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

आमच्या शाळेच्या मागील वऱ्हांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी, गतवर्षीपासून एक जुना लोखंडी नांगर ठेवलेला आहे. एका विद्यार्थ्याच्या घरी तो गोठ्याच्या भिंतीला टेकून कित्येक वर्षे उभा होता. भंगारवाला वजनावर घेऊन जाणार, असे ठरल्याचे त्या मुलाने सहज बोलता बोलता वर्गात सांगितले, आणि त्याच्या आजोबांनी मोठ्या मनाने तो शाळेला देऊन टाकला. बैलांच्या मागे आयुष्य काढलेला हा नांगर आमच्याकडे आला तो मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून! गंज खरवडून काढल्यावर त्याच्या अंगावर ओतीव अक्षरांचा काही भाग दिसू लागला. ती अक्षरे वाचून काही मुलांनी विचारले की, बेळगावातील किर्लोस्कर रस्ता ज्यांच्या नावाचा, तेच का हे किर्लोस्कर? या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देऊन भागण्यासारखे नव्हते, म्हणून यंदाच्या अंकात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र थोडे विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे व याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरात जन्मलेल्या मुलाने पोथी हाती धरावी किंवा सरकारी कचेरीची वाट धरावी, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रे काढण्याची व दुसरी यंत्रे उघडून त्यांच्या आत काय चालते ते पाहण्याची. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत नाव घातले. वडिलांना हे पसंत नव्हते. चित्रे काढून पोट भरते, यावर त्या काळच्या कोणत्या पित्याचा विश्वास बसला असता? वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत, ते मात्र पाठीशी उभे राहिले. पुढेही आयुष्यभर हा भाऊ पाठीशी उभाच राहिला. लक्ष्मणरावांच्या चरित्रात रामूअण्णांना जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी सहसा मिळत नाही, असे आम्हांस वाटते.

कलाशाळेत दोन वर्षे गेली आणि एक विचित्र संकट उद्भवले. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीटसा ओळखता येत नाही, असे ध्यानी आले. रेषा उत्तम, प्रमाण अचूक, पण रंग दगा देत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून कठोर आघात कोणता असणार! त्यांनी रंगांचा नाद सोडला आणि ज्या चित्रात रंगाची गरजच नसते त्या यांत्रिक आरेखनाकडे ते वळले. त्यात प्रावीण्य मिळवून त्यांनी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. ही संस्था १८८७ साली नुकतीच सुरू झाली होती. शिकवावयाचे आरेखन, पण शेजारच्या कर्मशाळेत लेथ फिरत होते, वाफेची एंजिने धडधडत होती, आणि लक्ष्मणरावांचा फावला वेळ तिकडेच जाऊ लागला. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक नियतकालिके ते वाचीत. कागदावरची आकृती आणि हातातले लोखंड यांचा मेळ घालण्याची विद्या त्यांनी परीक्षेसाठी नव्हे, तर स्वतःच्या आवडीपायी मिळविली.

त्याच सुमारास सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. एवढेच नव्हे, तर ज्याने सायकल घेतली त्याला ती चालविण्यासही शिकवीत. किर्लोस्कर बंधू या नावाचा प्रारंभ १८८८ साली झाला तो असा. १८९७ च्या सुमारास संस्थेतील बढतीची जागा रिकामी झाली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. अन्याय उघड होता. अशा प्रसंगी अर्ज-विनंत्या करीत राहणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास भावाकडे आले.

बेळगावच्या दुकानात सायकली विकता व दुरुस्त करता करता त्यांच्या मनात एक विचार घोळत होता. सायकल घेणारे लोक शहरातले, मूठभर, पैसेवाले. पण बाजाराच्या दिवशी बेळगावात जे शेकडो लोक येत ते शेतकरी होते आणि त्यांच्या उपयोगाची एकही वस्तू या दुकानात नव्हती. मग ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत, एक लहानसा कारखाना उभा राहिला व तेथे पहिल्याने कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. ज्वारीचा कडबा जनावरांपुढे तसाच टाकला तर ती पाला तेवढा खातात आणि जाड ताटे पायांखाली तुडवितात. तोच बारीक कापून घातला तर वाया जात नाही. उन्हाळ्यात वैरणीची टंचाई सोसणाऱ्या आपल्या मुलखात ही बचत लहान नव्हती. हे यंत्र हळूहळू खपू लागले. पण लक्ष्मणरावांचे खरे लक्ष होते ते नांगराकडे.

येथे लाकडी नांगराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या पुष्कळशा विद्यार्थ्यांनी तो चालताना पाहिलेला नाही. बाभळीचे खोड, त्याला पुढे लांब हाळीस, मागे धरावयास रुमणे, खोडाच्या टोकाशी लोखंडी फाळ आणि तो फाळ जागेवर घट्ट ठेवणारी वसू, अशी त्याची घडण असते. गावचा सुतार तो घडवी, गावचा लोहार फाळ शेवटून देई, आणि दोघांनाही सुगीत बलुते मिळे. कृष्णाकाठच्या काळ्या, चिकण जमिनीत असा जड नांगर ओढावयास बैलांच्या दोन-दोन, तीन-तीन, कधी चार जोड्याही लागत. इतके श्रम करूनही हा नांगर जमीन फाडतो, पण ती उलथून टाकीत नाही. हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. त्या नुसत्या चिरल्या गेल्या तर पहिल्या पावसासरशी पुन्हा फुटतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पंख असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्या पंखावर चढतो, वळतो व पालथा पडतो. मुळ्या वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात जळून जातात. असे नांगर विलायतेहून येत असत. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम यांच्या कारखान्याचे नाव त्यात प्रमुख होते. परंतु परदेशी नांगराचा एखादा भाग मोडला म्हणजे तो मिळण्याची पंचाईत पडे.

लक्ष्मणरावांनी नांगर तयार केला तो १९०३ साली. तो विकावयास मात्र दोन वर्षे लागली! लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष कालवले जाते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरली होती व ती दूर करणे यंत्र बनविण्यापेक्षाही कठीण ठरले. ही हकीकत सांगताना लोक बहुधा शेतकऱ्यांच्या अडाणीपणाला हसतात. आम्हांस तसे हसवत नाही. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच होता व त्याला रोख पैसा द्यावा लागत नव्हता. लोखंडी नांगरास रोकड मोजावी लागे; त्याचा एखादा तुकडा ऐन नांगरणीत तुटला तर बेळगावास धाव घ्यावी लागे, आणि तोवर वापसा निघून जाई. वर्षभराचे अन्न ज्या जमिनीवर अवलंबून, तिच्यात अनोळखी वस्तू घालण्यापूर्वी माणूस शंका घेणारच. विष हा शब्द चुकीचा असेल, पण भीती निराधार नव्हती.

लक्ष्मणरावांनीही ती भीती झिडकारली नाही, हे त्यांचे मोठेपण. शेतकऱ्याच्या शेतातच नांगर चालवून दाखविणे हा त्यांचा मार्ग होता. कोठे जड जातो, कोठे फाळ झिजतो, कोठे मोडतो, हे पाहून ते कारखान्यात फेरबदल करीत. फाळाचा प्रश्न फार नाजूक असतो. ओतीव लोखंड कठीण खरे, पण ठिसूळ. दगडावर आदळले की टोक उडते. मऊ लोखंड तुटत नाही, पण चार दिवसांत बोथट होते. या अडचणीतून एक वाट इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम याने शंभर वर्षांपूर्वी काढली होती. फाळ ओतताना खालची बाजू चटकन थंड होईल अशी योजना केली तर ती बाजू वरच्या बाजूपेक्षा कठीण होते. मग माती घासून वरची मऊ बाजू लवकर झिजते आणि खालची धार आपोआप तीक्ष्ण राहते. १८०३ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. चाकू घासल्याने बोथट होतो आणि हा फाळ घासल्याने धारदार राहतो, ही गंमत आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ओतीव नांगराचा दुसरा गुण असा की, एकाच साच्यातून निघालेले सर्व भाग सारखे असतात. एक मोडला तर दुसरा आणून बोल्टने बसविता येतो. त्यासाठी कसबी कारागिराची वाट पाहावी लागत नाही.

नांगर खपू लागले, कारखान्याला थोडे बाळसे आले, आणि नगरपालिकेचा हुकूम आला की नव्या वस्तीसाठी ही जागा हवी आहे, कारखाना हलवा. इतक्या वर्षांच्या कष्टाने जमविलेली यंत्रे, भट्टी, माणसे घेऊन जावे कोठे? या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात एका मंडपाच्या बांधकामाचे काम करीत होते. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते, आणि पुढे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती झाली. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले, शिवाय १०,००० रुपयांचे कर्जही दिले. एक चित्रकार राजा झाला व दुसऱ्या, रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराच्या मदतीस धावला, असा हा योग आहे.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा पाहून पुष्कळांनी कपाळाला हात लावला असेल. कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळचा सुमारे ३२ एकरांचा तो माळ होता. त्यावर निवडुंग माजलेला आणि निवडुंगाच्या आश्रयाने नाग राहत. पाणी जेमतेम. एकच सोय होती, ती म्हणजे शेजारून आगगाडी जात होती. आणि लोखंड व कोळसा आणून नांगर पाठविणाऱ्याला तीच सर्वांत महत्त्वाची. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला. पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले लक्ष्मणरावांबरोबर आली. बेळगावात घर-दार असलेल्या माणसांनी एका कारखानदाराच्या भरवशावर नागांच्या माळावर बिऱ्हाड करावे, यात त्या कारखानदाराविषयी जेवढे सांगितले जाते तेवढे कोणत्याही मानपत्रात सांगता येणार नाही. सुरुवातीस झोपड्या, मग छपरे, मग घरे, असे करीत गाव उभे राहिले. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था अंगावर घेतली. अंगी गुण असलेली पण शिक्षण अर्धवट सुटलेली माणसे येथे येऊन जबाबदारीच्या जागांवर चढली. समाजाने ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता अशा जातींतील, तुरुंग पाहून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याच्या विश्वासाच्या कामावर ठेवले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. १९१० च्या काळात, खेड्यांच्या मुलखात, हा दंडक घालणे म्हणजे रोज एक भांडण अंगावर घेणे होते.

या ठिकाणी सुताराचा पुन्हा उल्लेख केला पाहिजे. लोखंडी नांगराने गावच्या सुताराचे एक काम काढून घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ओतकामाची पहिली पायरी लाकडाचीच असते. जो भाग ओतावयाचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करतात. तो वाळूत दाबून साचा उठवितात, आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. लोखंड थंड होताना किंचित आकसते, म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. हे बारीक काम कसबी सुताराखेरीज होत नाही. आमच्या वऱ्हांड्यातील नांगराचे जे लोखंडी वळण आहे ते आधी कोणा सुताराच्या हातून लाकडात उतरलेले आहे. लोहाराचे व सुताराचे बलुते गेले, आणि त्याच कसबाला कारखान्यात पगार मिळाला. पण ज्या गावात कारखाना नव्हता तेथील सुताराला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायती नांगर येईनासे झाले व देशी नांगरास मागणी वाढली. पण त्याच वेळी कारखान्याला लागणारे कच्चे लोखंडही दुर्मीळ झाले. गिऱ्हाईक दारात उभे आणि भट्टीत घालावयास काही नाही, अशी अवस्था. या प्रसंगी कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी केलेले साहाय्य प्रसिद्ध आहे. संस्थानातील किल्ल्यांवर गंजत पडलेल्या जुन्या लोखंडी तोफा त्यांनी लक्ष्मणरावांना देवविल्या. त्या तोफा भट्टीत गेल्या आणि नांगराचे फाळ होऊन बाहेर पडल्या.

ही गोष्ट ऐकून आमच्या वर्गात टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या पडाव्यात अशीच ती आहे. तथापि एका मुलीने हळूच विचारले की, त्या तोफा आज असत्या तर आपण त्या पाहावयास गेलो असतो की नाही? आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. तोफ वितळली म्हणजे तिच्यावरची अक्षरे, तिची घडण, ती ओतणाऱ्या कारागिराचा हात, सारे त्या रसात मिसळून जाते. ते पुन्हा काही केल्या मिळत नाही. आज एखादा कारखानदार गडावरची तोफ मागू लागला तर आपण त्याला फाटकाबाहेर काढू. परंतु १९१४ नंतरची ती वर्षे महागाईची व ओढगस्तीची होती. शेत नांगरल्याखेरीज राहिले तर माणसे उपाशी राहणार होती, आणि तोफा पावसात गंजत होत्या. सर्व बाजूंनी विचार करता शाहू महाराजांचा निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे. मात्र त्या निर्णयाची किंमत शून्य होती, असे आम्ही म्हणणार नाही. वितळविण्यापूर्वी एखादी तोफ बाजूस काढून ठेवली असती तरी नांगर काही फारसे कमी झाले नसते.

लढाई संपली तेव्हा कारखाना पक्क्या पायावर उभा होता. १९२० साली किर्लोस्कर बंधू यांची मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला भुईमूग फोडण्याचे यंत्र, उसाचा लोखंडी चरक, हातपंप अशी शेतकऱ्याच्या नित्य कामाची यंत्रे निघू लागली. पुढे फिरत्या चाकाचे पंप व तेलावर चालणारी एंजिने आली आणि विहिरीवरची मोट मागे पडू लागली. याच १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारे एक छोटे पत्रक काढले, त्याचे नाव किर्लोस्कर खबर. नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या या पत्रकाचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि १९३० साली स्त्री व १९३४ साली मनोहर ही मासिके त्याला येऊन मिळाली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांनी या मासिकांचे बांधीव खंड जपून ठेवलेले असतील. मराठी मध्यमवर्गाची एक पिढी जे वाचून मोठी झाली त्याचे मूळ कडबा कापण्याच्या यंत्राच्या आणि नांगराच्या जाहिरातीत आहे, ही गोष्ट आम्हांस नेहमी मौजेची वाटते.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतले आणि त्यांनी कारखान्याची धुरा उचलली. हरिहर, बंगलोर, पुणे येथे निघालेल्या पुढच्या कारखान्यांची हकीकत ही त्यांच्या चरित्राची, म्हणून येथे सांगत नाही. लक्ष्मणरावांच्या उतारवयातील एक दुःखद प्रसंग मात्र टाळता येत नाही. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीसही लागली व कारखान्याचे मोठे नुकसान झाले. ज्यांच्यासाठी आयुष्यभर नांगर घडविले त्याच मुलखातून आगीचे लोट आले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, चालू झाला, आणि त्याचा आवाज त्यांच्या कानांवर पडला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

तिकीट निघाले, रस्त्याला नाव मिळाले, स्टेशनही किर्लोस्करवाडी झाले. नांगराचे काय झाले? बैल गोठ्यातून गेले, ट्रॅक्टर आला, आणि एके काळी ज्याने लाकडी नांगराला बाजूस सारले तो लोखंडी नांगर स्वतःच अडगळीत पडला. आता तो वजनावर विकला जातो व भट्टीत जातो; तोफांची जी गती झाली तीच त्याचीही, फरक एवढाच की या वेळी कोणाचे पोट भरावयाचे आहे म्हणून नव्हे, तर गोठ्यात जागा अडते म्हणून. इंग्लंडात रीडिंग विद्यापीठाने १९५१ साली इंग्लिश ग्रामजीवनाचे संग्रहालय स्थापिले. ज्या रॅन्सम कारखान्याचे नांगर आपल्याकडे येत, त्याची जुनी दप्तरे तेथे जतन केलेली आहेत. आपल्याकडे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी औंधास यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उघडले, ते चित्रे व शिल्पे यांच्यासाठी. आणि कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठात बलुतेदारांसह साऱ्या गावगाड्याची माणसाएवढी शिल्पे मांडलेली आहेत. तेथे आमच्या मुलांची सहल गेली होती. पुतळे पाहून ती हरखली, पण परत येताना गाडीत चर्चा चालली ती अशी की, पुतळ्याला हाळीस म्हणजे काय हे विचारता येत नाही.

त्यावरून एक काम निघाले. नांगर ज्यांनी चालविला ती माणसे अजून गावोगाव आहेत. दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलांनी आपापल्या आजोबांकडून अवजारांच्या भागांची नावे लिहून आणली. नांगर, कुळव, पाभर, कोळपे, मोट या पाचांची मिळून एक वही भरली. एकाच भागाला बेळगावच्या पश्चिमेस एक नाव, पूर्वेस दुसरे, आणि कानडी घरांत तिसरे, असे कित्येक ठिकाणी आढळले. एका आजोबांनी शाळेत येऊन वऱ्हांड्यातला नांगर हाताने उचलून पाहिला, पंखावरून तळवा फिरविला, आणि डावीकडची एक खूण दाखवून तेथे पूर्वी एक चाक असे व नांगर किती खोल जावा हे त्या चाकावर ठरे, असे समजावून दिले. ते चाक आमच्या नांगरास नाही, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

त्याचा फाळही झिजून आखूड झाला आहे. नवा बसवावा किंवा आहे तसाच ठेवावा, याबद्दल शिक्षकांच्या खोलीत दोन तट आहेत. तूर्त तो आहे तसाच आहे. ज्या वाचकांच्या घरी अशा नांगराचे सुटे चाक पडलेले असेल त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी शाळेस कळवावे, ही विनंती.